पिवळ्या दिव्यासकट एक रविवार

प्रति,
मा. वाहन तपासणी अधिकारी,
वाहन तपासणी कार्यालय
(खिडकी क्र. ४ मार्फत)

विषय : डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा पेटलेला असताना टॅक्सी एक दिवस रस्त्यावर काढू देण्याबाबत.

संदर्भ : आपल्या कार्यालयाचे तीन नकार. पहिला दिवा लागतो म्हणून, दुसरा दिवा लागत नाही म्हणून, तिसरा कॉम्प्युटर तयार नाही म्हणून.

महोदय,

वरील विषयास अनुसरून अर्जदार लिहून देतो की, सदर टॅक्सी त्याच्या थोरल्या भावाची आहे. सोळा वर्षं सकाळी भाऊ आणि दुपारनंतर अर्जदार, अशी ती दोघांनी चालवली. सीटचा खड्डासुद्धा दोघांच्या मापाचा पडला आहे.

१) पहिल्या तपासणीत इंजिनाचा पिवळा दिवा पेटलेला दिसला म्हणून गाडी नापास झाली आणि पास होईपर्यंत रस्त्यावर काढायची नाही असा शेरा पडला. स्टँडवरच्या शहाण्यांनी सल्ला दिला, तात्या, बल्बच काढून टाक, ना रहेगा दिवा. अर्जदाराने ऐकलं. दुसऱ्या वेळी साहेबांनी चावी फिरवली आणि म्हणाले, चावी फिरवल्यावर दिवा आधी लागला पाहिजे, मग विझला पाहिजे. अर्जदार म्हणाला, लागला तरी नापास, नाही लागला तरी नापास, मग दिव्यानं जगायचं कसं? साहेब हसले नाहीत. बल्ब काढणं ही लबाडी होती, ती अर्जदार कबूल करतो.

२) मग मेकॅनिकने बल्ब परत बसवून स्कॅनर लावला. ऑक्सिजन सेन्सर गेला म्हणाला. हा सेन्सर म्हणजे धुराच्या नळीत बसवलेलं नाक, जळून किती ऑक्सिजन उरला ते हुंगतं आणि इंजिनाला कळवतं. पुढचा बदलला, दिवा पेटला. मागचा बदलला, दिवा पेटला. शेवटी मेकॅनिक गाडीखाली आडवा झाला आणि नळीवर साबणाचं पाणी सोडलं. सेन्सरच्या अलीकडे करंगळीएवढं भोक. बाहेरची हवा आत शिरत होती आणि सेन्सर तेच सांगत होते. मेकॅनिक म्हणाला, तात्या, खरं बोलणाऱ्या दोघांना आपण भंगारात घातलं. भोकावर वेल्डिंगचं ठिगळ मारलं आणि स्कॅनरने जुने दोष पुसून टाकले. दिवा विझला.

३) तिसऱ्या वेळी आपल्या मशीनने सांगितलं की, गाडीच्या कॉम्प्युटरची आठवण पुसली गेली आहे. ती परत यायला मोकळ्या रस्त्यावर, एका वेगात, दीडशे किलोमीटर गाडी चालली पाहिजे. आणि पास झाल्याशिवाय गाडी रस्त्यावर काढायची नाही. अर्जदाराने खिडकी क्र. ४ ला विचारलं, मग दीडशे किलोमीटर कुठे चालवू? उत्तर मिळालं, तो तुमचा प्रश्न. अर्जदाराने आपल्या कार्यालयाचं आवार पावलांनी मोजलं. एक फेरी सत्तर मीटर, म्हणजे दोन हजार एकशे त्रेचाळीस फेऱ्या. वॉचमन मोजायला बसायला तयार होता, पण पाण्याच्या टाकीपाशी वळण असं आहे की वेग पंधराच्या वर जात नाही.

४) आता इतकी घाई कशाला, ते लिहितो. भाऊ शहराबाहेर ऐंशी किलोमीटरवर, आजाऱ्यांना सांभाळतात त्या घरात आहे. झटका आल्यापासून वाचा गेली, तोंडं ओळखत नाही. पण दर रविवारी टॅक्सी फाटकातून वळली की तो मान वळवायचा आणि डावा हात गिअर टाकल्यासारखा हलवायचा. सहा रविवार झाले, गाडी गेली नाही. अर्जदार दोनदा बसने जाऊन आला. भाऊ खिडकीकडेच बघत राहिला, शेजारी कोणी परका बसल्यासारखा. नर्सबाई म्हणाल्या, तात्या, ते दिवसभर कान लावून असतात, आता घास उतरत नाही. यायचं तर गाडी घेऊन या आणि लवकर या.

५) त्यानंतर अर्जदाराने मेकॅनिककडे गाडी चालू करून पाहिली. आवाज मांजरीच्या पावलासारखा. डबा घेऊन आलेल्या बायकोने मागून विचारलं, ही कोणाची गाडी? तेव्हा अर्जदाराच्या डोक्यात उजेड पडला. भाऊ ओळखत होता तो आवाज गाडीचा नव्हताच. तो त्या भोकाचा होता.

६) तरी गाडी पास करावी ही आधीची विनंती अर्जदार मागे घेत आहे. मेकॅनिक ठिगळ कापून काढणार आहे. दिवा पेटेल, आणि अर्जदार या वेळी बल्ब काढणार नाही. प्रमाणपत्र नको. येत्या रविवारी फक्त जाऊन येऊ द्यावं. सोमवारी सकाळी अर्जदार गाडी स्वतः आपल्या आवारात आणून लावील, मग तिचं भंगार करावं, तक्रार नाही. पुढच्या रविवारवर ढकलू नये ही विनंती. पुढच्या रविवारचं नर्सबाई काही बोलत नाहीत.

खिडकी क्र. ४ समोरच्या बाकावर उत्तराची वाट बघत बसलेला,

आपला नम्र,
(सही)
टॅक्सीवाला तात्या
गुरुवार, सकाळी अकरा

सोबत :
१) तिन्ही नकारपत्रं
२) स्कॅनरचा कागद
३) नर्सबाईंची चिठ्ठी
४) टॅक्सीची एक चावी. दुसरी सोमवारी देतो.