धुतलेले दगड

दि. ३ जानेवारी

चि. धाकटीस, काकाचे अनेक आशीर्वाद.

तुझ्या वनखात्याची माणसं ओढ्याकाठच्या झाडाला कॅमेरा बांधून गेली. जाताना म्हणाली, पाणमांजर दिसलं की काठाने येणारा रस्ता रद्द, जागा अभयारण्यात. पण तो रस्ता आपल्याला हवाच. गेल्या वर्षी तुझ्या काकूला दम्याचा झटका आला, तेव्हा दवाखान्याची गाडी हमरस्त्यावरच थांबली आणि चौघांनी तिला खुर्चीत बसवून तिथवर नेलं. ती वाटभर चौघांवर डाफरत होती, ही गोष्ट वेगळी. आता त्यातले दोघे शहरात गेले. पुन्हा झटका आला तर? मी चौथी शिकलेला माणूस, पण मोजणी तूच करणार म्हणून विचारतो, जरा डोळे मिटून मोजता येईल का?

उत्तर लवकर धाड. नाहीतर पत्र हरवलं असं समजून मी हेच पुन्हा लिहीन.

तुझा काका

दि. ११ जानेवारी

ती. काकांस, सा. न. वि. वि.

डोळे मिटून मोजलं तर पाणमांजर म्हणून तुम्हालाच मोजून बसेन. काकूची खुर्ची मीही विसरलेले नाही. पण या जनावरांना जायला दुसरा ओढा उरलेला नाही. कॅमेऱ्यात सगळं येत नाही, म्हणून आम्ही काठावरचे तीन सपाट दगडही तपासतो. पाणमांजरं तिथे विष्ठा टाकतात, तिच्यात माशांचे खवले असतात. ताजी किती, ते दर आठवड्याला मोजायचं. हे फक्त माहितीसाठी लिहिते आहे. दगडांकडे फिरकू नका.

काकूला औषध वेळेवर द्या. लोभ आहेच, तो दगडांपासून लांब राहून वाढवावा.

तुमची धाकटी

दि. २ फेब्रुवारी

चि. धाकटीस आशीर्वाद.

दगडांकडे मी मुळीच फिरकलेलो नाही. पण समज, एखाद्या माणसाने रोज सकाळी बादली आणि खराटा नेऊन ते लख्ख घासले, तर दुसऱ्या दिवशी तिथे आणखी जास्त घाण कशी होते? आधी तीन ठिकाणी होती, आता नऊ. सहज विचारतो. काकू म्हणते, माझ्या हातांना मासळीचा वास येतो. मी कुठेतरी चोरून जेवतो, असा तिचा संशय आहे.

हे पत्र वाचून फाडून टाक, पण माया फाडू नकोस.

तुझा काका

दि. २० फेब्रुवारी

ती. काकांस, सा. न. वि. वि.

त्या ‘एखाद्या माणसाचे’ एकेचाळीस फोटो माझ्या टेबलावर आहेत. एकात तो कॅमेऱ्यावर टोपी घालायला येतो आहे आणि त्याच्या पाठीमागे पाणमांजर, दोन पिल्लांसकट, दगडावर बसून त्याच्याकडे बघतं आहे. अहो, आपली खूण कुणी पुसली की ते जनावर पुन्हा येऊन ती करतं. ओढाभर सगळ्यात ताज्या खुणा तुमच्या दगडांवर निघाल्या!

साहेब डोळे पुसेपर्यंत हसले. मग नकाशा काढून म्हणाले, काठ जनावरांचा, रस्ता घरांमागच्या टेकाडावरून. तिकडे एकही खूण नाही. एक किलोमीटर लांब पडेल, पण गाडी दारात येईल. फक्त तुमचा नवा, फरशी बसवलेला संडास मधोमध येतो. दुसरा बांधून मिळेल, पण तुमची लेखी संमती हवी. तिच्यावाचून काम अडेल.

रागावा, पण सही करा.

तुमची धाकटी

दि. १ मार्च

चि. धाकटीस आशीर्वाद.

संमती सोबत आहे. सही तीनदा केली, न जाणो एखादी पुसट उठली तर. त्यांचा संडास वाचला आणि माझा गेला, असं मी म्हणालो तर काकू इतकी हसली की मी औषध शोधायला पळालो. दम लागला नाही. तिने फोटो मागितला आहे, टोपीवाला.

आता नवीन काळजी. तुझं पत्र आल्यापासून मी धुणं सोडलं, आणि चार दिवस दगड कोरडे ठणठणीत. जनावर गेलं असं समजून साहेबांनी रस्ता पुन्हा काठाला आणला तर? आणि ती पिल्लं बरी असतील ना? काकू म्हणते, तुझ्या उत्तराची वाट बघावी. पण उत्तराला आठ दिवस लागतात. म्हणून उद्या सकाळी एकदाच बादली घेऊन जाऊन येतो.

रागावू नकोस. या वेळी टोपी डोक्यावरच ठेवीन.

तुझा काका