सारसाची जागा

गोरेगाव, ४ नोव्हेंबर १९५६

मागच्या महिन्यात एका सकाळी देवपूजा आटोपून धानाच्या बांधीत उतरलो आणि सारसाच्या जोडीचा फोटो काढला. आम्हा फोटोच्या हौशींची रीत अशी, की फोटो दाखवला की जागाही सांगायची. मी सांगितली. आमच्यातलाच शामराव तिथे बंदूक घेऊन गेला, एक सारस मारून आला. उरलेला अजून ओरडत फिरतो.

"पाखरूच तर होतं जी, काऊन रुसून राहिले?" शामराव म्हणे. ह्याला मी जिवाचा मित्र समजत होतो? कसा काय? तो सारस आजही ओरडत होता.

संध्याकाळी आम्हा हौशींच्या बैठकीत दुसऱ्या जोडीचा फोटो ठेवला. शामरावच पुढे वाकला. "मस्त! जागा कोणती, भाऊ?"

"फोटो पाहा," मी सगळ्यांदेखत म्हणालो, "जागा सांगणार नाही."