मखरातले पाय

लखनऊ,
१७ जानेवारी

तीर्थस्वरूप चित्राताईंना,
विश्वासचा नमस्कार. (वाकून केला असं समजा. खरोखर वाकलो तर उभं करायला शेजारी बोलवावे लागतात.) तुमचा गुडघा जिना चढू लागला का? सुबोधरावांचं कानाचं यंत्र कानात असतं की अजून टेबलाच्या खणातच? आम्ही मजेत. मजेत म्हणजे काय, ताई, काल रात्री मी सलग चार तास झोपलो! चार तास! बातमी पोटात मावेना, म्हणून चहा तसाच ठेवून लिहायला बसलो आहे.

तुमच्या धाकट्या बहिणीने, म्हणजे आमच्या लतिकाने, माझ्या पायांबद्दल तुम्हाला ‘थोडं दुखतं’ एवढंच सांगितलं असणार. तर ऐका. माझ्या या मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये नसांवरचं आवरण खराब होतं. बत्तीस वर्षं रेल्वेत सिग्नलचं काम केल्यामुळे मला ते लगेच समजलं. केबलचं आवरण गेलं की सिग्नल भरकटणारच! दिवसा पाय आळशी असतात, पण रात्री दोनच्या सुमाराला डावा पाय ताठ होतो, पोटरीत पिळा बसतो आणि मग तो सुटतो तो थेट लतिकाच्या नडगीवर. इतक्या वर्षांच्या संसारात मी तिला कधी उलटून बोललो नाही (ती संधीच देत नाही), आणि आता रोज रात्री लाथा! दुसऱ्या खोलीत झोप म्हटलं तर ऐकत नाही. “तुम्ही उठायला गेलात आणि पडलात तर?” म्हणते आणि उशी सारखी करते. तेव्हा लतिकाला झोप मिळावी, एवढं एकच काम सध्या मी हाती घेतलं आहे.

डॉक्टरीणबाईंनी रात्रीची गोळी वाढवली, झोपण्याआधी पोटऱ्या ताणायला शिकवलं आणि विचारलं, पायांवर जड काही घेता का? आता इथल्या थंडीत माणूस जड नाही तर काय घेणार? लतिकाने चौकात दोन तास उभं राहून पाच किलो कापसाची रजाई भरून आणली होती, खास माझ्या पायांसाठी. नेमकी तीच गुन्हेगार निघाली! पावलांवर वजन पडलं की पाय उसळू शकतात म्हणे. लतिकाचा चेहरा एवढा उतरला की मीच रजाईची बाजू घेऊन डॉक्टरीणबाईंशी भांडलो. पण प्रश्न राहिलाच. रजाई काढली तर थंडी, ठेवली तर लाथ. पायांवर काहीतरी तंबूसारखं हवं, म्हणजे रजाई वरच्या वर राहील. विचार करता करता माझी नजर माळ्यावर गेली. गणपतीचं मखर!

लाकडी, कमानीचं, मी स्वतः केलेलं (म्हणजे मूर्तीच काय, गणपतीचं सगळं कुटुंब पेलेल असं). दोन्ही पाय आत अगदी बेताने बसले. लतिका मात्र खवळली. देवाच्या जागेत पाय? मी म्हटलं, देव दहा दिवस राहतो, बाकी वर्षभर जागा रिकामीच असते. शेवटी तिने मखराला हात जोडून क्षमा मागितली, माझे पाय साबणाने दोनदा धुतले आणि मगच आत जाऊ दिले. सेलवरची दिव्यांची माळ काढायला मात्र आम्ही दोघंही विसरलो.

पहिल्याच रात्री पाय उसळला, खांबाला लागला आणि माळेचं बटण दाबलं गेलं. खालच्या मजल्यावरचे मिश्राजी त्याआधीच आठवडाभर माझा पाय पलंगावर आपटल्याची धाडधाड ऐकत होते. ते शेवटी वर आले. लतिकाने दार उघडलं. आत अंधार आणि मधोमध झगमगतं मखर! मिश्राजींनी चपला दारातच काढल्या. “अरे भाभीजी, आप लोग जनवरी में भी बप्पा बैठाते हैं? हमें बताया तक नहीं!” म्हणाले आणि डोळे मिटून माथा टेकायला वाकले. मी ओरडणार तोच पाय सुटला, ताई! त्यांची माकडटोपी कपाटाखाली गेली. मिश्राजींनी डोळे उघडले, समोरच्या पावलाकडे नीट पाहिलं, आणि मग जमिनीवर बसून एवढे हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं. दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडून डबाभर मटारचा निमोना (इकडची वाटलेल्या मटारची आमटी) आला.

मग माळ काढली, खांबांना जुन्या उशा बांधल्या, आणि काल रात्री ते चार तास! कळवा, साताऱ्यात कुणाला असं मखर हवं असेल तर.

आपला,
विश्वास

ता. क. : इथपर्यंतचं लतिकाला वाचून दाखवलं. खूप हसली. पुढचं ती आंघोळीला गेल्यावर लिहितो आहे. पहाटे जाग आली तेव्हा मखरात हात होता. लतिका खाली जमिनीवर बसून, हात आत घालून माझी पोटरी धरून होती आणि पलंगाच्या कडेला डोकं टेकून पेंगत होती. मखराने काही केलेलं नाही, ताई. मी झोपेचं सोंग घेऊन पडून राहिलो. मला फार लाज वाटली.

आणखी एक : तिला पंधरा दिवस साताऱ्याला बोलावून घ्या. फोन नको, मी शेजारीच असतो आणि मला खोटं बोलता येत नाही. पत्रच लिहा, तिच्या नावाने. विश्रांती हा शब्द काढू नका, येणार नाही. तुम्हाला तिची गरज आहे असं लिहा, लगेच निघेल. माझ्याजवळ झोपायला मिश्राजी तयार आहेत. आणि ती आली की रात्री एकदा तिच्या हाताकडे बघा. झोपेतसुद्धा काहीतरी धरल्यासारखी मूठ आवळलेली असते. तेवढी हळूच सोडवून ठेवा.