काळा येतोय

३ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी पाणी लाल आलं, जेवणानंतर पोपटी. म्हणजे मास्तरांनी आधी चादरी काढल्या, मग पोरांचे टीशर्ट घेतले. नवराबायको एकाच गिरणीत, एकाच पाइपच्या दोन टोकांना — मास्तर वर रंगखात्यात कापड रंगवणार, मी खाली प्लांटवर त्या पाण्यातला रंग काढणार. लग्नात कुणी म्हणालं होतं, एक चढवतो, एक उतरवते, जोडा शोभतो! मला अजून हसू येतं.

मोठ्या टाकीत माझे जावई आहेत. जावई म्हणजे जंतू, पाण्यातला उरलासुरला रंग खाणारे. नाव प्लांटवरच्या फिटरनं ठेवलंय. वेळेवर जेवण हवं, सतत वारा हवा, आणि जरा कुठे मानपानात कमी पडलं की रुसलेच!

६ फेब्रुवारी, गुरुवार

दुपारी मास्तरांचा फोन. "काळा येतोय गं." एवढंच बोलतात आणि ठेवतात. काळ्या रंगासोबत मीठ येतं भरमसाट, एकदम आलं तर जावई दगावतात. म्हणून मी तो अलीकडच्या हौदात अडवते आणि थोडा थोडा पुढे सोडते. हा फोन मास्तरांनी कधी चुकवला नाही. घरून भांडून आलो असलो तरी नाही! तेव्हा फक्त "गं" गाळतात.

खोकला काही जात नाही त्यांचा. धुळीचा आहे म्हणे.

११ फेब्रुवारी, मंगळवार

फोन आला नाही. काळा आला!

मी बेसावध, हौदाची झडप उघडीच. बघता बघता मोठ्या टाकीचा फेससुद्धा काळा झाला. बाहेर जाणारं पाणी बंद केलं आणि तडक वर गेले. डोक्यात तिडीक गेली होती. म्हटलं, आज मास्तरांना चांगलं फैलावर घ्यायचं, चार लोकांत घ्यायचं.

रंगाच्या कोठीमागे उलट्या बादलीवर बसले होते. छातीचा नुसता भाता चाललेला. रिसीव्हर मांडीवर. फोन लावायला उठले होते, पण बोलायला श्वासच नव्हता. माझ्याकडे बघून हातानं खूण केली — काळा.

राग कुठल्या कुठे गेला माझा.

१२ फेब्रुवारी, बुधवार

डॉक्टर म्हणाले, रंगाच्या भुकटीनं छाती धरलीय. भुकटीपासून लांब व्हा, नाहीतर — पुढचं ते बोलले नाहीत, पण आम्हा दोघांनाही ऐकू आलं.

घरी येताना मास्तर म्हणाले, "रंग सोडून मी करू काय? तुझ्यासारखं गढूळ पाणी बघत बसू?"

लागलं मला. रात्री भाजीत मीठ दोनदा पडलं.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

जावई गेले. टाकी काळी ती काळीच. पाणी बाहेर सोडता येत नाही, म्हणून वरची यंत्रंही बंद. साहेब तीनतीनदा येऊन डोकावून जातात, जसं काही बघितल्यानं पाणी निवळणार आहे. मास्तर रजेवर. घरात अबोला.

ब्लोअर चालूच ठेवलाय. मेलेल्यांना वारा घालतेय, आणि घरी जितंजागतं माणूस एकेका श्वासासाठी झगडतंय, त्याला मला काही देता येत नाही. ब्लोअरपाशी उभी राहून रडले. त्याचा आवाज मोठा असतो ते एक बरं.

१५ फेब्रुवारी, शनिवार

विरजण आणायला हवं.

१६ फेब्रुवारी, रविवार

पलीकडच्या गिरणीच्या प्लांटवरून जिवंत गाळ मागून आणला. शेजारणीकडून दह्याला विरजण आणतो, तसंच. फिटर सुट्टीवर, टेम्पोत पिंपं धरायला माणूस नाही. मी हे भिंतीकडे बघून बोलले. मास्तरांनी चपला सरकवल्या आणि बाहेर जाऊन उभे राहिले!

मागे पिंपांशेजारी बसलो. ते झाकण आवळायला लागले.

"अहो, उघडं ठेवा. गुदमरतील."

"यांनाही श्वास लागतो?"

"लागतो."

खड्ड्यात टेम्पो उडाला की झाकण आपटून बंद व्हायचं, म्हणून ते वाटभर फटीत हात घालून बसले. सदरा गाळानं बरबटला. एरवी कॉलरला डाग पडला तरी घर डोक्यावर घेणारा माणूस!

पिंपं टाकीत ओतताना म्हणाले, जावयांची वरात आली. हसले, आणि हसता हसता खोकले.

२० फेब्रुवारी, गुरुवार

विरजण लागलं! टाकी तपकिरी झाली, ओल्या मातीचा वास येतोय. बाहेरचं पाणी बरणीत धरलं, तर पलीकडून माझं बोट दिसलं. अगदी नखासकट.

बरणी घरी नेली. मास्तरांनी ती खिडकीशी नेऊन फिरवून फिरवून बघितली. रंगवलेली चिंधी बघतात तशी. बराच वेळ बघितली. मग म्हणाले, "ह्यात माझा काळा होता?"

"होता."

उद्या वरची यंत्रं सुरू होणार, मी सांगितलं. माझीही रजा संपते, ते म्हणाले. आणि सदऱ्याला इस्त्री करायला बसले.

रंगखात्यात नका जाऊ, हे तोंडाशी आलं होतं. नाही बोलले. रंग हा त्यांचा जीव, आणि मी पडले रंगाचा बेरंग करणारी. पण इथे लिहिते — मला भीती वाटते. मला हा माणूस हवाय.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

मी उठायच्या आधीच निघून गेले होते. डबाही न घेता.

प्लांटवर पोचले, तोच फोन. "काळा येतोय." त्यात "गं" नव्हतं. आवाजही त्यांचा नव्हता, रंगखात्यातल्या दुसऱ्याच माणसाचा. मास्तर कुठे आहेत, असं विचारणार तोच मागून हात आला आणि रिसीव्हर काढून घेतला. इस्त्रीचा सदरा, खिशात प्लांटवर बदलीची चिठ्ठी.

"हळू सोड रे," मास्तर म्हणाले. "इथे जावई उतरलेत."