काळ्या कानाची मेंढी

कुबात दादा,

रक्ताचे निकाल आले. तुझ्या कळपात गाभडण्याचा रोग नाही, माणसालाही लागतो तो. आमच्या प्रयोगशाळेत सगळे खूश आहेत. मला मात्र ते निकाल खरे वाटत नाहीत.

काल बुरुल वहिनीचा फोन आला. रोज संध्याकाळी ताप चढतो, सांधे धरतात. त्यात तिला पाचवा महिना! मी विचारलं, "एखादं मेलेलं कोकरू ओढून काढलंस का गं?"

"काळ्या कानाच्या मेंढीचं काढलं की! नुसत्या हातांनीच. हातमोजे घालायला मी काय डॉक्टरीण आहे?"

काळ्या कानाची! त्या दिवशी कळपाचं रक्त घ्यायला मी सुई काढली तेव्हा तू अडवलंस. "आधी मटण, मग सुई. माहेरी आलेल्या बहिणीला नुसता चहा पाजू?" माझ्या मानासाठी म्हणून तू नेमकी तीच कापलीस आणि मी बोटं चाटत जेवले. रोग सापडला तर सरकारी लोक सगळा कळप मारतील म्हणून भ्यालास, कळतं मला. पण वहिनीच्या अंगातला रोग कसा कापशील?

उद्या तिचं रक्त घ्यायला येतेय. हे पत्र नारीन शहरातल्या गाडीवाल्याकडे देणार होते, पण देत नाही. मी येतेय हे कळलं, तर तू पुन्हा एक मेंढी कापशील.

तुझीच,
जिपार