झेंडूचा हार आणि उसाच्या बरण्या

आई, आज खंडेनवमी, आणि सकाळपासून तुला एकच विचारायचंय. तो झेंडूचा हार तू नेमका कुठे बांधला होतास?

नव्वदचं दशक होतं. संगमनेरजवळच्या एका प्रयोगशाळेत तू उसाची रोपं वाढवायला जायचीस, मातीत नाही, काचेच्या बरणीत. शाळा सुटली की मी तिथे येऊन खिडकीला नाक लावून बघत बसायचे. स्वच्छ वारा सोडणाऱ्या कपाटासमोर तू बसलेली आहेस, तोंडाला फडकं, पुढ्यात स्पिरिटचा दिवा. चिमटा ज्योतीत धरतेस, निववतेस, कोवळ्या कोंबाचा तुकडा बरणीतल्या घट्ट पोषक खळीत रोवतेस. एवढ्याशा तुकड्याला आपण ऊस आहोत हे कसं कळतं, असं मी एकदा विचारलं. "त्यालाच इचार," म्हणालीस.

त्या खंडेनवमीला तू चिमट्याला हळद-कुंकू वाहिलंस आणि कपाटाला हार बांधलास, घरच्या कोयत्या-खुरप्याला करायचीस तसंच. आठवड्याभरात बरण्यांमध्ये बुरशीचे पांढरे गोंडे उठले. सगळी रोपं फेकावी लागली. प्रयोगशाळेच्या साहेबांनी तुला बोलावलं तेव्हा मी दाराशीच होते. पुन्हा असं झालं तर कामावर येऊ नका, म्हणाले. तू मात्र मान खाली घातली नाहीस.

"सायेब, ज्याच्यावर पोट हाय त्याला हात न्हाई जोडायचं, तर कुनाला?"

साहेबांचा राग काही उतरला नाही, पण टोक वाकलेला एक जुना चिमटा त्यांनी तुझ्यापुढे सरकवला. पूजा याची करा आणि घरी करा, म्हणाले. वाटेत तू हसत होतीस, बुरशीलाच परसाद गोड लागला म्हणून.

आता मी पुण्यात तसल्याच कपाटापुढे बसते. समोर कोंब नसतात, आजारी माणसाच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी असतात. निकामी केलेल्या विषाणूकडून त्यांच्यात नवं जनुक पोचवायचं, पिशवीत त्या वाढवायच्या, गोठवायच्या आणि आजाराशी लढायला त्याच माणसाकडे परत पाठवायच्या. त्यांना तरी आपण काय आहोत हे कसं कळतं, मला अजून नीट सांगता येत नाही. पण एवढं कळतं की चिमट्याची हळद ज्योतीत जळून गेली असणार. माझा संशय हारावर आहे. तो कपाटाच्या माथ्यावर होता, की तोंडाशी, वाऱ्याच्या वाटेत, फुलांवरची बुरशी थेट बरण्यांत उडेल असा? यावर तुझ्याशी भांडायला मला फार आवडलं असतं.

आजची पिशवी एका बाईची होती. तू गेलीस तेव्हाचं तुझं वय, आणि तुला घेऊन गेला तोच रक्ताचा आजार. तुझ्या बरण्या नासल्या तेव्हा तू दुसरे कोंब कापलेस. हिच्यात पुन्हा पेशी देण्याइतका दम उरलेला नाही, ही पिशवी नासली तर संपलं. तुझ्या वेळी हे औषध नव्हतं, याचा मला अजूनही राग येतो.

सकाळी निघताना तुझा वाकडा चिमटा पाटावर मांडला आणि त्याला हळद-कुंकू वाहिलं. इतक्या वर्षांत मी असलं काही केलं नव्हतं. कामावर पोचून हात कोपरापर्यंत घासले, तरी अंगठ्याच्या नखाशी हळदीची पिवळी कड राहिलीच. नेमाप्रमाणे हातमोज्यांचे दोन जोड चढवले आणि तिची पिशवी उचलली. ती कपाटात ठेवून कामाला लागले.

हे पत्र कुठे टाकणार, चिमट्याच्याच डबीत ठेवते. त्या पिवळ्या कडेचं प्रयोगशाळेत कुणाला सांगितलं नाही. ती आहे म्हणून मला बरं वाटत होतं.