राजधानीतलं घर

३ जाने.
"त्यांना अख्खं शहर वसवायचंय, त्यात आपल्याला जागा नाही." आई शेजारच्या काकूंना हे म्हणाली तेव्हा मी सहा वर्षांची, दाराआड उभी. बाबा आफ्रिकेत एका नव्या देशाची राजधानी आखत होते. सात वर्षं.
आज तिकडून पत्र आलंय. मूळ नकाशे त्यांना संग्रहालयासाठी हवेत. बाबा फोनवर, "ये सवडीने. नकाशांची नळकांडी कपाटावर आहेत, माझा हात पोचत नाही."

५ जाने.
मांजरीहून बाबांच्या बिबवेवाडीच्या घरी, दीड तास. नकाशे उलगडले. ट्रेसिंग पेपर पिवळा, कडा तुटतात. देण्याआधी बाबा प्रत्येकावरची पेन्सिल खोडतायत. शाईची रेघ शहराची, पेन्सिलीची आखणाऱ्याची, हा त्यांचा जुना नियम. "जेवून उठताना खरकटं ठेवतो का आपण?"
मी रबराचा भुगा झटकत बसले. आई गेल्यापासून आमचं बोलणं एवढंच.

८ जाने.
शेवटून दुसरा नकाशा. तळ्याच्या वरच्या अंगाला, पेन्सिलीत, एक घर. दोन खोल्या. स्वयंपाकघराची खिडकी पूर्वेला, आईला सकाळचं ऊन लागायचं. धाकट्या खोलीत बारीक अक्षरांत 'मनू'.
मी.
"हे काय?"
"घर. आपल्या तिघांचं. मग तुझ्या आईने कळवलं, पुणं सोडणार नाही."
"मला कधी बोलला नाहीत."
"तू कधी विचारलंस?"
रबर उचललं त्यांनी. म्हटलं, आज राहू दे, डोळे दुखतील. ऐकलं, हेच नवल.

९ जाने.
आईचा राग यायला हवा. येत नाही. तिला ते 'जागा नाही'चं वाक्य कुणाला तरी सांगावं लागलं असेल, आणि मग तेच खरं वाटू लागलं असेल.
नकाशातली खोली माझ्या करंगळीच्या नखाएवढी. त्यात दिवसभर राहिले. इथे मांजरीत तीन खोल्या आहेत, दोन मी उघडतच नाही.

११ जाने.
बाबांचा फोन. "उद्या दुपारी न्यायला येतायत. सकाळी ये, तो एक राहिलाय."
"मोबाइलवर फोटो काढू त्याचा?"
"काढ की. इतकी फिकट पेन्सिल फोटोत येत नाही."
फोन ठेवला नाही लगेच. मीही नाही. मग म्हणाले, "स्वेटर घालून ये."

उद्या विचारणार. नाहीच म्हणतील, चष्मा पुसतील, रबर मागतील. तरी विचारणार.
बाबा, बाकी सगळं घर खोडा. मनूची खोली तेवढी राहू द्या.